जुने टायर, आठ दिवस

मोठे दातेरी टायर घेऊन आलेल्या साहेबाला मिस्त्रीने विचारलं, "गाडी डोंगरात नेता?"

"छे हो, रोज ऑफिसला."

मिस्त्री मनातल्या मनात चडफडला आणि कामाला लागला. चाकं चढवून त्याने स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवलं. टायर जिथे चाकावरच्या प्लास्टिकला घासत होता, तिथला प्लास्टिकचा तुकडा कापला.

"ॲव्हरेज घसरेल, आवाजाने डोकं उठेल," त्याने बजावलं. साहेबाने या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडून दिलं.

"जुने विकून टाका," म्हणत तो ऐटीत गेला.

मिस्त्रीने ते विकले नाहीत. असल्या गिऱ्हाइकांचे टायर तो आठ दिवस मागच्या भिंतीला लावून ठेवायचा.

तिसऱ्याच दिवशी सकाळी गाडी पुन्हा दारात उभी राहिली.

"घासतंय?"

"नाही. आईला दवाखान्यात न्यायचं होतं. गाडी एवढी उंच झाली, की तिचा पाय पायरीपर्यंत पोचेना. मी उचलायला गेलो, तर म्हणाली, 'राहू दे रे, मी जाते चालत.'"

"मग?"

"गेली चालतच. मी तडक इकडे आलो."

"अहो, इकडे काय आलात!" मिस्त्री कडाडला. "जुने टायर मी चढवतो. तुम्ही चावी ठेवा आणि आधी आईला गाठा. पायी!"