सतरा नंबरची काचपट्टी

गुरुवारी शाळा सुटली की गुंडीची आई प्रयोगशाळेत यायची आणि खिडकीजवळच्या सूक्ष्मदर्शकाशी बसायची. काचकाका लाकडी पेटीतून सतरा नंबरची काचपट्टी काढून भिंगाखाली लावून द्यायचे आणि पाठ फिरवून नळाशी जायचे. असे चौदा गुरुवार झाले होते. चौदाही गुरुवार काकांचा उजवा गाल आतून जळत होता.

काचकाका हे पोरांनी ठेवलेलं नाव. प्रयोगशाळेतले परिचर, तीस वर्षांची नोकरी. काम म्हणजे काचा धुवायच्या, पुसायच्या आणि परत मांडायच्या. माणूस सालस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण सालस माणसाचं एक वाईट असतं, त्याला खोटं निस्तरता येत नाही. सराईत माणूस दुसरं खोटं बोलून मोकळा होतो, हा बिचारा पहिलंच उराशी धरून बसतो.

नववीच्या प्रत्येक पोराने आपल्याच गालाच्या आतून बोथट काडीने हलकेच खरवडायचं, ते काचेवर पसरायचं, त्यावर निळा रंग घालायचा आणि स्वतःच्या पेशी बघायच्या, असा तिथला नियम होता. मग ती पट्टी पक्की करून, हजेरी नंबर चिकटवून, तपासणीसाठी तीन वर्षं पेटीत ठेवायची. आता पोरं ती पोरंच. कुणी रक्त येईपर्यंत खरवडायचं, कुणी रंगाची बाटली पालथी घालायचं, आणि हवेचे बुडबुडे तर पाचवीलाच पुजलेले. एका वर्षी तपासनीसांनी जीवशास्त्राच्या मॅडमना चारचौघांत झापलं. तेव्हापासून काकांनी गुपचूप सोय केली होती. पोरांच्या पट्ट्या नळाखाली धुवायच्या आणि त्याच काचांवर स्वतःच्या गालाच्या पेशी घेऊन चाळीस देखण्या पट्ट्या तयार करायच्या. नंबर पोरांचे, गाल काकांचा. मॅडमना पत्ता नाही, तपासनीस खूश, कुणाचं काही बिघडत नव्हतं.

मागच्या वर्षी सतरा नंबर गुंडीचा होता. तिची आई घरी शिवणकाम करायची, म्हणून लेकीचं लाडाचं नाव गुंडी. हात आईसारखाच हलका. तिने केलेली पट्टी नितळ होती, एक बुडबुडा नव्हता. ती काकांच्या पुढ्यात ठेवून तिने विचारलं होतं, "काका, ही माझी ठेवाल ना नीट?" काका हो म्हणाले आणि संध्याकाळी सगळा ट्रे एकदमच नळाखाली धरला. हाताला सवय झाली की डोकं कशाला मध्ये पडतं?

त्यानंतर पाच महिन्यांनी गुंडी तापाने आठ दिवसांत गेली.

आई तिच्या वह्या न्यायला शाळेत आली, तेव्हा मॅडमना काय बोलावं ते सुचेना. त्या म्हणाल्या, तिच्या पेशींची पट्टी आहे अजून आमच्याकडे, बघायची का? आणि त्यांनी काकांकडे पाहिलं. एक वाक्य बोलायचं होतं, तेवढंच. पण त्या बाईचा चेहरा असा उजळला होता की काकांनी ते वाक्य गिळलं. त्यांनी पेटी उघडली.

पहिल्या दिवशी तिला निळ्या डागांपलीकडे काही कळलं नाही. पण बाई हुशार. तिने मॅडमकडून नववीचं पुस्तक मागून घेतलं, मग अकरावीचं, मग आणखी जाडजूड. ही भोवतीची रेघ म्हणजे पेशीपटल, कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला बाहेर ठेवायचं ते ठरवणारं. आतला फिका भाग पेशीद्रव, त्यात अन्नातून ताकद काढणाऱ्या कणिका, इतक्या बारीक की या भिंगात दिसतच नाहीत. आणि मधला गडद गोळा, ते केंद्रक. केंद्रकात काय असतं ते वाचल्यावर ती काकांना म्हणाली, ही तर मापांची वही झाली. गालाच्या पेशीतसुद्धा डोळ्यांचं, केसांचं, पायांच्या बोटांचं, अख्ख्या अंगाचं माप लिहिलेलं असतं, गाल फक्त आपल्यापुरतं पान उघडतो. म्हणजे यातली एकेक पेशी म्हणजे अख्खी गुंडीच. काकांनी मान हलवली आणि धुतलेलीच चंचुपात्रं पुन्हा धुवायला घेतली.

त्या दिवसापासून ती पट्टीशी बोलायला लागली. हलक्या आवाजात, घरात भाजी निवडताना बोलावं तसं. कुणाचा झगा उसवला, शेजारणीने काय कुरापत काढली. आणि सातव्या गुरुवारी ती म्हणाली, "त्या दिवशी तुझं अंग कोमट लागलं होतं गं मला. पण बारा गणवेश द्यायचे होते, म्हणून तुला शाळेत पाठवलं. मला माफ कर." नळ बंद होता. काकांना सगळं ऐकू आलं.

त्यानंतर काका डाव्या बाजूनेच चावायला लागले. जीभ सारखी उजव्या गालाच्या त्या खरवडलेल्या जागी जायची. आपल्या तोंडात कुणीतरी गप्प बसलं आहे, आपण बोलायला लागलो की ते ऐकतं, असं त्यांना वाटायचं. आरशापुढे दाढी करताना ते गालाकडे बघायचं टाळायचे. ज्याच्याकडे माफी मागितली होती तो गाल त्यांचा होता.

चौदाव्या गुरुवारी मॅडम सहज बोलून गेल्या. मोठ्या भिंगाखाली नीट पाहिलं तर बाईच्या पेशीत केंद्रकाच्या कडेला एक गडद ठिपका सापडतो. सगळ्या पेशींत नाही, पण दहांतल्या दोन-तीनांत तरी. पुरुषाच्या पेशींत तो नसतो. गुंडीच्या आईने वहीत लिहून घेतलं आणि पुढच्या वेळी बघते म्हणाली. काकांच्या हातून चिमटा खाली पडला.

बुधवारी त्यांनी बायकोला खिडकीशी बसवलं आणि तोंड उघडायला सांगितलं. ती म्हणाली, "तीस वर्षांत पहिल्यांदाच. एरवी मिटायला सांगता." शाळेचं काम आहे, असं ते पुटपुटले. पट्टी सुरेख झाली. त्यांनी तिच्यावर सतरा नंबर चिकटवला आणि ती सदऱ्याच्या खिशात टाकली. दोन पट्ट्यांची अदलाबदल, एवढंच करायचं होतं.

गुरुवारी वर्गांची आवराआवर करून ते आले, तर गुंडीची आई आधीच येऊन बसली होती. पेटी तिनेच उघडली होती. आज ती बोलत नव्हती, मोजत होती. टाके मोजतात तशा पेशी, ओठ न हलवता. काका खिशावर हात ठेवून उभे राहिले.

"दोनशे झाल्या," ती वर न बघता म्हणाली. "एकीतही ठिपका नाही. काका, हे कोण आहे?"

खिशातली पट्टी बोटांना लागत होती. चूक झाली, दुसऱ्याच वर्गाची पट्टी आली, ही घ्या, असं वाक्य त्यांनी येताना पाठही केलं होतं. पण गुंडीनेही त्यांना याच टेबलाशी उभं राहून विचारलं होतं, आणि तेव्हाचं उत्तर खोटं ठरलं होतं. दुसऱ्यांदा त्यांना ते जमलं नाही.

"मी आहे," ते म्हणाले. "तिची मी धुऊन टाकली. सगळ्यांचीच धुतो."

मग त्यांनी सगळं सांगितलं, तपासनीस, चाळीस पट्ट्या, ट्रे, नळ. गुंडीची पट्टी वर्गात सगळ्यांत चांगली झाली होती, हेसुद्धा. ती ऐकत राहिली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं काकांना फार वाटलं.

"मी माफी मागितली ती तुमच्याकडे," ती शेवटी म्हणाली. "तुम्ही ऐकलीत."

"ऐकली."

तिने एकदा त्या नळाकडे पाहिलं. मग तिने पिशवीतलं जाड पुस्तक काढलं, खूण घातलेलं पान उघडलं आणि त्यांच्यापुढे सरकवलं. मूल पोटात असताना त्याच्या थोड्या पेशी आईच्या रक्तात उतरतात, असं तिथे लिहिलं होतं. मूल बाहेर आलं तरी त्यातल्या काही राहतात, वर्षानुवर्षं, कुठे ते सांगता येत नाही. हे तिने पट्टीला वाचून दाखवायला आणलं होतं.

"एक काडी द्या मला," ती म्हणाली.

काकांनी काडी दिली. तिने गाल खरवडला, त्यांनी काच पुसून पुढे केली. रंग तिनेच घातला. वरची पातळ काच तिने तिरकी धरून अलगद टेकवली. एक बुडबुडा आला नाही. मग तिने डोळा लावला.

"आहे," थोड्या वेळाने ती म्हणाली. "ठिपका आहे. यातली माझी कोणती आणि तिची कोणती?"

"ते नाही ओळखता यायचं. दोघींनाही ठिपका असतो. आणि या खरवडीत तिची एकही नसेल कदाचित."

"असेलही."

"असेलही," काका म्हणाले.

त्यांनी सवयीने नंबराची चिठ्ठी हातात घेतली, आणि कोणता लिहायचा ते न सुचून परत ठेवली. बाईने पुन्हा डोळा लावला. तिचा आवाज खाली उतरला, तोच, भाजी निवडतानाचा. "गुंडे, त्या दिवशी तुझं अंग कोमट लागलं होतं गं मला."

काकांनी या वेळी नळाकडे न जाता दार गाठलं. बाहेर येऊन त्यांनी दार आवाज न करता लावून घेतलं, आणि आतलं काही ऐकू येणार नाही इतके दूर जाऊन जिन्यावर बसले. खिशात बायकोची पट्टी होती. नंबर खरवडून काढायला त्यांनी ती हातात घेतली. बराच वेळ खरवडलं, तरी सतरा आकडा काही निघेना.