एक सही कमी

तिने लाकडी हातोडीने बुंध्यावर तीन ठोके मारले आणि कान लावला. आवाज भरीव, घट्ट. झाड आतून ठणठणीत होतं. वहीत तिने लिहिलं : 'पोकळ. धोकादायक.'

बागेतल्या एकेचाळीस झाडांपैकी हे एकोणतिसावं. नगरपालिकेत वृक्ष निरीक्षक म्हणून तिने चौदा वर्षं काढली होती. खोटं लिहायची वेळ मात्र पहिल्यांदाच आली होती. साहेबांनी आडपडदा ठेवला नव्हता.

"वाहनतळ होणारच आहे. तुम्ही नाही लिहिलंत तर दुसरं कुणी लिहील. तुमची मात्र बदली होईल, पार दुसऱ्या टोकाला. वडील एकटेच असतात ना घरी?"

वडिलांचा विषय निघाला आणि तिने वही-हातोडी उचलली.

आणि ही बाग वाचावी म्हणून जिवाचं रान करत होते ते वडीलच. आई गेल्यावर सहा महिने त्यांनी घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. मग या बागेत त्यांना चार म्हातारे भेटले आणि माणूस पुन्हा रोज दाढी करू लागला. आसपास आता इमारतीला इमारत खेटलेली. टेकायला सावली म्हणाल तर एवढीच. दुखऱ्या गुडघ्यांनी जिने चढून त्यांनी झाडतोडीविरुद्धच्या हरकतीच्या अर्जावर दोनशे बारा सह्या गोळा केल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने अहवालावर सही करून तो साहेबांच्या टेबलावर ठेवला. मग हरकतींचा गठ्ठा फाइलला लावायला घेतला. सह्या तिने वरून खालपर्यंत पाहिल्या, पुन्हा पाहिल्या. वडिलांची सही कुठेच नव्हती. तिला हायसं वाटलं. दमले असतील, शेवटी अंग काढून घेतलं असेल. म्हणजे आता घरी मान वर करून बोलता येईल.

संध्याकाळी ते खुर्चीत बसून गुडघ्याला तेल चोळत होते.

"बाबा, अर्जावर तुमची सही नाही."

"बघितलंस होय?" ते मिश्कील हसले. "मुद्दामच नाही केली. बापच हरकत घेतोय म्हटल्यावर तुला या कामावरून काढलं असतं. मग कोण कुठला माणूस आला असता आणि काय लिहून गेला असता, देव जाणे. मंडळींना म्हटलं, माझी एक सही कमी पडली तरी चालेल, पण माझी पोर तिथे हवी."

तिने तेलाची बाटली उचलली. झाकण घट्टच होतं, तरी ते आणखी आवळलं.

"अहवाल कधी द्यायचाय तुला?"

"उद्या."

"मग सकाळी चल माझ्याबरोबर. सगळे वाट बघताहेत तुझी. कालच विचारत होते, पोरीला खायला काय आवडतं."

"काही आणू नका म्हणावं," ती म्हणाली. मग खाली बसली, त्यांचा दुसरा पाय मांडीवर घेतला आणि मान खाली घालून तेल चोळू लागली.