झाडाच्या वाटणीची जागा

शहर हिरवं करायला निघालेल्या समितीत सगळ्या थरांतली माणसं हवीत, असं वरून ठरलं. त्यांच्याकडे डॉक्टर होते, इमारतींचे नकाशे काढणारे होते, पक्ष्यांचे फोटो काढणारे एक निवृत्त न्यायाधीशही होते. आमच्यातलं कोणी नव्हतं. आमच्यातलं म्हणजे भंगार वेचणारं, नाल्यापलीकडे राहणारं, आणि ज्याची बोली कानावर पडली की दुकानदार आधी गल्ल्याकडे बघतो, तसलं. म्हणून त्यांनी माझ्या मावशीला घेतलं.

मावशी बैठकीत तोंड उघडायची नाही. "त्यांचंच एकमेकांत संपत नाही, मी कुठे घुसू?" म्हणायची. फोटोत मात्र तिला मधोमध बसवत. फोटोपुरता का होईना, आमचा समाज केंद्रस्थानी आला होता.

मग आमच्या वस्तीत झाड लावायचं ठरलं. समितीचं सगळं बघणाऱ्या ताई रोप घेऊन आल्या. जागा मावशीनेच निवडायची होती, कारण निर्णय तळातून यायला हवा.

"आणि पाणीही तुम्हीच घालायचं हं, मावशी."

मावशीने विचार केला. पाणी कोपऱ्यावरच्या नळाचं, गुडघे हे असे. तिने दाराला लागूनच खड्डा दाखवला. टाळ्या झाल्या.

काही दिवसांनी नोटीस आली. समितीच्या झाडाभोवती ठरावीक अंतरात बांधकाम चालत नाही. त्या अंतरात मावशीचं घर अख्खं बसत होतं, मोरीसकट. पावसाळ्यानंतर ते काढायचं होतं. गुडघ्याएवढं रोप, आणि त्याच्या हद्दीत आम्ही घुसखोर, माझ्या जन्माच्या आधीपासून.

"मावशी, तू समितीत आहेस ना? बोल की."

ती बोलली. पुढच्या बैठकीत उभी राहिली आणि म्हणाली, "माझं घर राहू द्या." सगळे चहा विसरून ऐकत होते. दोघांचे डोळे पाणावले. न्यायाधीश म्हणाले, इतकं मनापासूनचं बोलणं समितीत आजवर झालं नव्हतं. मग पुढचा विषय घेतला: सायकलींच्या वाटेला कोणता रंग द्यावा.

घरी आल्यावर मी म्हटलं, "झाडच मेलं तर हद्द कसली? पाणी बंद कर."

"जीव आहे रे त्यात."

"मग आपल्यात काय हवा भरलीय?"

तिने पाणी बंद केलं. पण त्याच्याकडे बघवेना, म्हणून सकाळी घरातून उलटी चालत बाहेर पडायची. दोनदा माझ्यावर आदळली.

रोप वाळलं. ताई तपासायला आल्या. मी चेहरा पाडून उभा राहिलो, तसा सराव केला होता. ताईंनी वाळकं पान चुरलं, घराकडे पाहिलं, पत्र्याला हात लावला. चटका बसला.

"यानेच गेलं," त्या हळहळल्या. "पत्र्याची धग लागली बिचाऱ्याला. घर काढायला पावसाळा संपायची वाट बघायलाच नको होती."

त्याच आठवड्यात घर काढलं. पत्रे मीच उतरवले, निदान वाकू नयेत म्हणून. मावशी भंगाराच्या हातगाडीवर आपली भांडी रचत होती. रस्त्यावरून जाणाऱ्या एका बाईने तिला विचारलं, "कढई कितीला?"

मावशीने कढई पोत्याखाली सरकवली.

तेवढ्यात ताई आल्या, फोटोवाल्याला आणि नव्या रोपाला घेऊन.

"मावशी, समिती सोडायची नाही हं. तुमच्याशिवाय आमचं कसं व्हायचं?"

"मी कुठे सोडतेय, ताई."

"मग हे तुमच्याच हातून लावू. जागा पण तुम्हीच सांगा."

सगळे चौकटीत मावेनात, म्हणून फोटोवाला मागे मागे सरकत मोरीच्या जागेवर जाऊन उभा राहिला. मावशीने फावडं घेतलं. इकडेतिकडे बघितलं.

"कुठेही लावा," ती म्हणाली. "आता मधे कोणी नाही."