कळलावीचं वाण

संक्रांत झाली की कडावच्या आसपासच्या गावांत घरोघरी हळदीकुंकू होतं, आणि घरोघरी वाणही तेच: प्लॅस्टिकचा डबा, चहाची गाळणी, फार झालं तर स्टीलची वाटी. सोनुबाईच्या घरचं वाण मात्र वेगळं. ती रानफुलांचे कंद वाटायची. गोठा मोडला त्या जागेवर, परसात, तिनं वर्षानुवर्षं खपून छोटंसं रान उभं केलं होतं. रानहळद, पेव, भुईचाफा, आणि कुंपणभर कळलावी. पावसाळा सरला की ही सगळी वर वाळून जातात, कंद खाली जिवंत राहतो आणि पुढच्या पावसात आपला आपण डोकं वर काढतो. खत नको, राखण नको. सोनुबाईचा नवरा भिवाजी म्हणायचा, या घरात माझ्याइतकं कमी मागणारं तेवढंच एक आहे.

कळलावीवर तिचा विशेष जीव. पूर्वी गौरी आणायच्या दिवशी त्या लाल-पिवळ्या फुलासाठी बायका डोंगर चढायच्या. आता सोनुबाईच्या कंदांमुळे अर्ध्या गावाच्या कुंपणांवर ते फुलतं. पण झाड मुळापासून शेंड्यापर्यंत जहर. म्हणून ती कंद करवंटीत, मातीत पुरून द्यायची आणि घेणारीकडून वदवून घ्यायची: "खायचं नाय, पोराला द्यायचं नाय, गुराला घालायचं नाय." बायका हसायच्या, पण म्हणायच्या.

गेल्या वर्षी एकीच्या पैठणीवर करवंटीतली माती सांडली. "वाण देतेस का शेत देतेस गं?" असं भर बैठकीत ऐकून घ्यावं लागलं. सोनुबाईला ते फार लागलं. मग यंदा तिनं कंद उकरले, जोडकंदाचे दोन फाटे मोडून वेगळे केले, घासून धुतले आणि उन्हात सुकवले. लख्ख झाले. बारीक रताळ्यासारखे दिसायला लागले, म्हणजे थेट कणगरांसारखे. आणि कणगरं तर या दिवसांत लोक पोपटीला, वालाच्या शेंगांबरोबर मडक्यात घालून रानात भाजून खातात. तेव्हा तिची अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे.

शनिवारी संध्याकाळी लेक भाविका आणि जावई ओमकार दारात आले. गाडीतून उतरलेसुद्धा नाहीत. दुसऱ्या दिवशी चौकला, भाविकाच्या सासरी, पोपटी होती आणि त्यासाठी आईकडची कणगरं हवी होती. स्वयंपाकघरातल्या खुंटीवर दोन पिशव्या होत्या, एकाच दुकानाच्या. बाहेर हॉर्न वाजत होता. सोनुबाईनं एक पिशवी ओढली आणि गाडीच्या काचेतून आत दिली.

रविवारी दुपारी बायका जमल्या, हळदीकुंकू लावून झालं, आणि सोनुबाई वाणाची पिशवी घेऊन पहिल्या पाटापुढे बसली. शेजारची सुप्रिया तिथे बसली होती. सोनुबाईनं कंद तिच्या ओटीत घातला आणि तिचा हात तिथेच थांबला. तिनं तो कंद परत उचलला. नखानं खरवडला. चिकट पाणी आलं. दुसरा खरवडला, तेच. कणगर.

"काय झालं गं काकी?"

"भाविकाकडं कळलावी गेली गं," सोनुबाई म्हणाली. तिला आधी वाटलं, चक्कर येणार. मग वाटलं, आली तर बरं.

भाविकाचा फोन नुसता वाजत राहिला. ओमकारचा तर लागेचना. सुप्रियानं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं, त्यावर एकच टिक येऊन बसली. पोपटी रानात लावतात, फोन गाडीत नाहीतर घरात राहतात, हे दोघींनाही ठाऊक होतं. सुप्रियानं शालू खोचला आणि स्कूटी काढली. बाकीच्या बायका हळदीकुंकवाच्या ताटाभोवती तशाच बसून राहिल्या.

कर्जतच्या चारफाट्यावर रविवारच्या गाड्यांची ही रांग. शहरातली माणसं शेतघरांतून परत निघालेली, कोणी कोणाला वाट देईना. सोनुबाई मागे बसून सारखा तोच नंबर लावत होती. तिच्या माहेरी एका चुलतबहिणीनं हाच कंद खाल्ला होता, कुणाच्यातरी सांगण्यावरून. पहिले काही तास ती हसत-बोलत होती, पाणी भरत होती. मग उलट्या सुरू झाल्या, आणि पुढचं सोनुबाईला आठवायचंच नव्हतं. ते आठवत राहिलं.

त्यातही मनाचा चोरटेपणा बघा. आळीपाळीनं दोनच गोष्टी तिच्या डोक्यात येत होत्या. एक, माझी पोर मरेल. दुसरी, पोर जगली तर सासरी तिला जन्मभर ऐकावं लागेल की तुझ्या आईनं विष धाडलं. दुसऱ्या गोष्टीची तिला इतकी लाज वाटली की तिनं स्वतःच्याच मांडीला चिमटा काढला. आणि गावातल्या ज्या ज्या कुंपणावर आपण कळलावी लावून दिली, ती सगळी कुंपणं तिच्या डोळ्यांपुढून गेली. आपण फुलं वाटत होतो की काय वाटत होतो?

चौकला जुन्या हायवेलगत भाविकाचे सासरे आबाजी यांचं गॅरेज, आणि गॅरेजच्या मागे त्यांची वाडी. सोनुबाई पोचली तेव्हा मडकं फोडून झालं होतं. केळीच्या पानांवर वालाच्या शेंगांचा ढीग, भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास, आणि माणसं खुशाल रेलून बसलेली.

"कणगरं खाल्ली का कुनी?" ती लांबूनच ओरडली.

भाविका धावत आली. "आई? तू इथं कशी? आणि कसली गं कणगरं दिलीस, कडूजहर! सगळ्यांनी थुंकून टाकली."

सोनुबाईनं हात जोडले. देवा, वाचवलंस. तिनं तिथल्या तिथे सगळं सांगून टाकलं, पिशव्या कशा बदलल्या ते, कंद कसला आहे ते. सगळे ऐकत राहिले. मग ओमकारच्या लक्षात आलं आणि तो हसला.

"बाबांनी खाल्लीत की. दोन-तीन."

आबाजी पानापुढे मांडी घालून बसले होते. अंगानं भरलेले, बोलायला गोड, साखरेच्या आजाराचे. "मंग काय करणार?" ते म्हणाले. "कडू हाय तर शुगरला बराच. आनि विहीणबाईंनी पाठवलेला टाकायचा कसा? ही पोरं टाकतात, त्यांना रीत नाय."

सोनुबाईचा मान राखायला म्हणून या माणसानं विष चावून चावून गिळलं होतं.

"आबाजी, उठा. दवाखान्यात चला. आत्ताच्या आत्ता."

"मला काय झालाय? दोन तास झाले खाऊन. हा बघा, मस्त हाय."

"सुरवातीला काय व्हत नाय! मंग सुरू व्हतं, आनि मंग थांबत नाय. भाजून पन त्याचं जहर जात नाय. मी माझ्या डोल्यांनी बघितलाय."

"आई, तुम्ही पाणी प्या आधी," ओमकार म्हणाला. "बाबांना काय त्रास झाला तर मी हाय ना. सकाळी दाखवू."

"सकाळ व्हायला नको!"

कुणीतरी हसलं. सुप्रियानं मोबाईलवर कळलावीची माहिती काढून पुढे धरली, तीही कुणी धड वाचली नाही. मोबाईलवर काय, सगळंच विषारी असतं म्हणे. भाविकानं आईला दंडाला धरून बाजूला घेतलं. तिचे डोळे भरले होते, रागानं की भीतीनं ते तिलाही सांगता आलं नसतं. "आई, पाया पडते, गप बस गं. त्यांना काही झालेलं नाही. उगाच विष विष करू नको माझ्या घरात. मला इथं राहायचंय."

सोनुबाईनं लेकीकडे पाहिलं. हिला कधी परसात चार झाडांपाशी नेऊन उभी केली नाही आपण. गावभर वाटत बसलो. आता सांगायला वेळ नव्हता आणि ऐकायला कुणी नव्हतं. आबाजींनी तर वालाची शेंग सोलायला घेतली होती.

तिनं हात सोडवून घेतला. मडक्याच्या खापऱ्यांशेजारी थुंकून टाकलेले, अर्धवट सोललेले कंद पडले होते. त्यातला एक तिनं उचलला, राख फुंकली, आणि सगळ्यांसमोर तोंडात घातला. कडवटपणानं जीभ आत ओढली गेली. तरी ती चावत राहिली. गिळला. दुसरा उचलला.

"आई!" भाविकाची किंकाळी हायवेपर्यंत गेली असेल.

"आता मला न्या," सोनुबाई म्हणाली. "व्याह्याच्या दारात विहीण विष खाऊन बसलीय. न्याल का नाय?"

आबाजी पानावरून उठले. इतका वेळ स्वतःसाठी न हललेला माणूस तिच्यासाठी ताडकन उठला. "ओमकार, गाडी काढ. बघतोस काय? मी पन येतो. विहीणबाईंना एकटा धाडायचा नाय."

तिला हेच हवं होतं. गाडी पनवेलच्या रस्त्याला लागली. पुढे ओमकार आणि भाविका, मागे सोनुबाई आणि दाराला टेकून, अंग चोरून बसलेले आबाजी. सुनेच्या आईशेजारी ते आयुष्यात कधी बसले नव्हते.

"विहीणबाई, असा करायचा नव्हता तुमी," आबाजी हळूच म्हणाले. "माझ्यावरून तुमी..." ते थांबले. त्यांनी पोटावर हात दाबला. कपाळावर घाम आला होता, आणि जानेवारीतली ती गार संध्याकाळ. "ओमकार, थांबव रं गाडी जरा. कसासाच होतंय."

ओमकारनं मागे वळून पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. गाडी बाजूला घ्यायला त्याचा पाय ब्रेकवर गेला.

"थांबवू नको!" सोनुबाई ओरडली. तिनं डोक्यावरचा पदर ओढून घेतला, दोन्ही हातांनी तो आबाजींच्या तोंडाशी पसरला. "हितं वका, आबाजी. माझ्या पदरात वका. लाजू नका. गाडी थांबायची नाय."