भट्टी भरली तर

रविवारी सकाळी आठ वाजता सहदेवने भट्टीत पहिलं लाकूड सारलं आणि बायकोकडे न बघताच तो म्हणाला, "आज ही भट्टी भरली तर हयच रवया. नाय तर सांजेक जयवंताक चावी देवन टाकूया."

"भरतली," वनमाला म्हणाली. "बघशात तुमी."

म्हणाली खरी, पण तिची स्वतःचीच खात्री नव्हती.

बोरिवली पूर्वेच्या त्या गल्लीत सहदेवची बेकरी म्हणजे एकच गाळा. पुढे काउंटर, मागे विटांची मोठी भट्टी. पंधरा वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली पाव भाजले, आणि मालक धंदा गुंडाळून गावी निघाला तेव्हा भट्टीसकट गाळा त्याने स्वतःकडे घेतला. सुरुवातीची वर्षं झकास गेली. मग रोज सकाळी ब्रेडची गाडी समोरच्या सोसायटीच्या फाटकाशी येऊन उभी राहायला लागली. मेणकागदात गुंडाळलेला, आयता कापलेला ब्रेड! लोकांनी रांगा लावल्या. दहा पावलांवर ताजा पाव निघतोय, याचं कुणाला काही वाटेना. आपल्याकडे कंपनीचं नाव छापलेलं असलं की शिळंसुद्धा गोड लागतं, त्याला कोण काय करणार?

आणि पंच्याऐंशी साल ते. घरोघरी भाड्याचा व्हीसीआर आणून रात्रभर तीन-तीन सिनेमे बघायचं खूळ निघालेलं. शेजारच्या जयवंतला व्हिडिओ कॅसेटची लायब्ररी काढायची होती आणि त्यासाठी त्याला हाच गाळा हवा होता. माणूस वाईट नव्हता. रविवारी सहा वाजता उत्तर घ्यायला येतो, एवढंच तो बोलला होता.

भट्टीचं एक असतं. एक पत्रा भाजायचा असो की चाळीस, तापवायला लाकूड तेवढंच लागतं. चाळीस पत्रे मावायचे या भट्टीत, आणि गेल्या दिवाळीला नानकटाई भाजून घ्यायला आली होती सहा घरं. म्हणजे मैदा, रवा, तूप, साखर घरची, भट्टी सहदेवची. तूप-साखर घरून फेसून आणायची, सहदेव त्यात मैदा घालून पिठाला शेवटचा हात देणार, बायका तिथेच गोळे वळून काळ्या पत्र्यांवर मांडणार. ही जुनी रीत. पण आता दुकानात डबाबंद बिस्किटं मिळत असताना एवढा खटाटोप करतंय कोण?

वनमालाने पंधरा दिवस सोसायटीचे जिने चढून-उतरून पायांचे तुकडे पाडून घेतले. एकेक दार ठोठावून तिने सांगितलं, "दिवाळीच्या आधीच्या रविवारी या हां. एक पत्रा तरी करा." बायका हो म्हणायच्या, आणि मग प्रत्येकीची एकच शंका, "अगं, पण आमची नानकटाई दुसऱ्याच्या घरी नाही ना जाणार?"

"छे हो! मधोमध एक चारोळी लावा. मी बरोबर ओळखते."

नऊ वाजले. कोणी नाही. साडेनऊला बँकेत नोकरी करणारी अनुपमा कडेवर पातेलं धरून धावत आली. "वनमालावहिनी, मी पहिली ना?" वनमालाला तिला मिठीच मारावीशी वाटली. तिने खडूने दारावर एक रेघ ओढली, एका पत्र्याची एक. दहाला सात रेघा झाल्या. आणि मग काय झालं कोण जाणे, फाटकातून बायकांची रांगच लागली. कोणी पातेली, कोणी डबे, एकीने तर चक्क बादली आणलेली. अकराला एकोणीस. वनमाला रेघ ओढायची आणि आत धावायची, आतून बाहेर धावायची. पदर खोचलेला, तोंडाला मैदा, आणि आवाज तर वरच्या पट्टीतून खाली यायला तयार नव्हता.

कुंदाताई आल्या साडेअकराला. सोसायटीच्या महिला मंडळाच्या अध्यक्षबाई. त्या आल्या की बायका आपोआप बाजूला सरतात. "सहदेव, आमचं जरा सांभाळून हं," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या. "आमच्याकडे साजूक तुपाशिवाय काही चालत नाही. डालडा आमच्या उंबऱ्याच्या आत येत नाही."

सहदेवने पिठात हात घातला, दोन वेळा मळलं आणि मान हलवली. वनमाला शेजारीच उभी होती. तिच्या नाकाला जे कळायचं ते कळलं. पातेल्यात साजूक तुपाचा थेंब नव्हता. ती नवऱ्याकडे बघतच राहिली. या माणसाला दुनियेत सगळं जमतं, फक्त तोंडदेखलं बोलायला जमत नाही.

पण तेव्हा तिला त्याची फिकीर करायला वेळ कुठे होता? दीडला सदतीस. मग एकोणचाळीस. मग दहा मिनिटं कोणी येईना. आणि मग चौथ्या मजल्यावरच्या शकुवहिनी धापा टाकत आल्या. "गॅस संपला गं! तूप कढवायला शेजारी गेले. उशीर तर नाही ना झाला?"

"चाळीस!" वनमाला ओरडली. "अहो, चाळीस झाले! भट्टी भरली!"

बायकांनी टाळ्या वाजवल्या. सहदेव तर तीन वाजता निखारे ओढून काढताना चक्क गुणगुणत होता. चार वर्षांत वनमालाने त्याचं गुणगुणणं ऐकलं नव्हतं. लांब दांड्याच्या फळीवरून एकेक पत्रा आत गेला आणि थोड्याच वेळात गल्लीभर असा वास सुटला की वरच्या गॅलऱ्यांतून पुरुषमाणसंसुद्धा वाकून बघायला लागली.

पत्रे बाहेर आले. लालसर कडा, वर बारीक भेगा, बघत राहावं असं रूप. आणि प्रत्येक नानकटाईच्या मधोमध एक चारोळी. चाळीसच्या चाळीस पत्र्यांवर.

वनमालाने कपाळावर हात मारला. पंधरा दिवस प्रत्येक दारात तिने हेच तर सांगितलं होतं! भट्टीत शिरताना पत्रे पुढेमागे झालेले, बाहेर काढताना आणखीनच सरमिसळ झालेली. कुणाचं काय, ब्रह्मदेवालासुद्धा सांगता आलं नसतं.

"हे काय गं? माझा कुठला?"

"तो माझा आहे, हात लावू नका!"

"तुमचा कशावरून?"

"वाट लागली," अनुपमा पुटपुटली. एवढं होऊन शेवटी लोक हेच म्हणणार, की यापेक्षा दुकानातला डबा बरा. वनमालाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला स्वतःचाच भयंकर राग आला होता.

तेवढ्यात सहदेव पुढे आला. पहिल्या पत्र्यावरची एक नानकटाई त्याने उचलली, मोडली, वास घेतला. "ही शकुवहिनींची. तूप कढवताना वाईच करपलाहा."

शकुवहिनींनी जीभ चावली. "हो रे बाबा, करपलं खरं."

"ही अनुपमाताईंची. पिठीसाखर घाईत दळलात, दाणो रवलो." अनुपमा हसतच सुटली. "ही तळमजल्यावरच्या आजींची. रवो जास्त, म्हणान भेग मोठी." पिठाचा प्रत्येक गोळा त्याच्या हाताखालून गेला होता, आणि हात विसरला नव्हता. भांडण थांबलं. बायका त्याच्यामागून सरकायला लागल्या, प्रत्येक पत्र्याला टाळ्या पडायला लागल्या. चुका काढून घ्यायला एवढी मजा येते हे कुणाला माहीत होतं? वनमालाही डोळे पुसून त्या घोळक्यात घुसली.

एकतिसाव्या पत्र्याशी तो थांबला. नानकटाई मोडली. वास घेतला. मग पुन्हा घेतला.

कुंदाताईंचा चेहरा उतरला. बायका कान टवकारून उभ्या होत्या. वनमालाने मनातल्या मनात रवळनाथाला हाक मारली. या माणसाने आता तोंड उघडलं की संपलंच.

सहदेवने तुकडा तोंडात टाकला आणि सावकाश चावला. "ही कुंदाताईंची," तो म्हणाला. "वेलची सढळ हातान घातलेली. आजच्या सगळ्यांत खुसखुशीत हीच."

अक्षरन् अक्षर खरं होतं. डालड्याची नानकटाई खुसखुशीत होतेच. कुंदाताईंनी सोडलेला श्वास वनमालाला ऐकू आला आणि नवऱ्याचा तिला इतका अभिमान वाटला, इतका, की तिथेच सगळ्यांसमोर त्याचा हात धरावासा वाटला.

शेवटचा पत्रा वाटून होईतो सहा वाजत आले होते, पण एकही बाई घरी गेलेली नव्हती. कुंदाताईंनी घसा खाकरला. आवाज नेहमीसारखा चढा नव्हता. "अगं बायांनो, एक दिवस भट्टी भरून काय होतंय? वर्षाला बाकी तीनशे चौसष्ट दिवस असतात. उद्यापासून माझ्या घरी पाव इथला. मला रोज सहा. तुमचं सांगा."

"मला आठ!"

"आम्हाला चार, पण कडक हवेत!"

"वहिनी, लिहून घ्या ना पटापट!" अनुपमाने खडू वनमालाच्या हातात कोंबला. दाराची एक फळी भरली, ती दुसऱ्या फळीकडे वळली. नावं, आकडे, कडक, नरम. इतक्या घाईत लिहीत होती की अक्षर तिचं तिलाच लागेना.

जयवंत आला तो या गर्दीतून वाट काढतच. दाराकडे त्याने एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काय सहदेवभाऊ? मग चावीचं काय ठरलं?"

सहदेव काउंटरकडे वळला. त्याने एक कोमट नानकटाई उचलून जयवंतच्या हातावर ठेवली आणि तो ती तोंडात टाकेपर्यंत थांबला.

"जयवंतानु, तुमका रोज पाव किती लागतत?"

जयवंत चावायचा थांबला. त्याने सहदेवकडे पाहिलं, मग खडू उगारून उभ्या असलेल्या वनमालाकडे पाहिलं.

"पाच," तो म्हणाला. "नरम."

वनमालाने पाच लिहिले.