सोळावं घर

दिव्यानीचा हात लोट्यात गेला तेव्हा आत एकच चिठ्ठी उरली होती, आणि ओट्याखाली बसलेल्या बायांमध्ये नाव न निघालेली एकटी रंभाच होती. तरी त्या पोरीनं हात चांगला तीन वेळा फिरवला. आजोबांनी मोबाइलवर दाखवलेल्या सोडतीत कोटवाली माणसं तसंच करत होती.

“हिरकाटोला,” दिव्यानीनं वाचलं.

“सोळावं घर रंभाबाईचं. टीम हिरकाटोला,” तिचे आजोबा श्रीहरी गुरुजी म्हणाले आणि त्यांनी वही मिटली.

बायांमध्ये हलकीशी खसखस पिकली. हिरकाटोला म्हणजे जंगलातलं पंचवीस-तीस घरांचं गाव. तिथं टीम आहे हेच पुष्कळांना आज कळत होतं. गुरुजींच्या बायको नीलाबाई वरून, ओट्यावरूनच म्हणाल्या, “रंभा, तुले बरं हाय वं. पहिल्याच दिवशी दुपारी मोकळी होशीन.”

रंभा हसली. पदर खोचला, सोडला, पुन्हा खोचला.

पोंभुर्ण्याच्या अलीकडच्या या गावात धान कापून झालं की नदीकडच्या पाच बांध्यांचे, म्हणजे धानाच्या वाफ्यांचे, मधले बांध फोडून एक मैदान करतात. सव्वीस वर्षं तिथं फुटबॉलचा कप होतो आहे. टीमा आठ आणि घरंही आठ. बाहेरगावची प्रत्येक टीम एका घरी उतरते, तिथंच जेवते. टीम जिंकत राहील तोवर पाहुणचार. हरली की चहा-चिवडा आणि रामराम. त्यामुळे कप टीमांचा असला तरी खरी चुरस घरांची. “आमचं घर सेमीले गेलं,” असं बाया विहिरीवर सांगतात आणि ते वर्षभर पुरवतात. पहिल्या वर्षी जी घरं होती, तीच पुढं मानाची झाली. गुरुजींच्या घरी गडचांदूरची टीम. तिनं अकरा वेळा कप नेला आहे.

रंभाचं घर खालच्या वस्तीत, टोलीत. दर वर्षी ती आपलं पोळपाट काखेत मारून नीलाबाईंच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटायला जायची. गडचांदूरच्या अकरा कपांत तिच्या हातच्या पोळ्या असतील चांगल्या हजारभर. पण पोळ्या कुणी लाटल्या हे कपावर कोरत नाहीत.

मग यंदा गुरुजींनी मोबाइलवर वाचलं, की जगभरच्या क्लबांच्या मोठ्या कपात आधी सात टीमा असायच्या, त्या आता बत्तीस केल्या. गुरुजी चार दिवस अस्वस्थ होते. पाचव्या दिवशी त्यांनी सभा बोलावली. “त्याईनं बत्तीस केल्या, आपून सोळा तं करू. खेळ वाढला पाह्यजे.” मानाची आठ घरं आणि त्यांच्या टीमा तशाच राहतील, सोडत फक्त नव्या आठांची, हेही त्याच सभेत ठरलं. त्यावर मात्र चर्चा झाली नाही.

घरी येऊन रंभानं देवाजीला सांगितलं. तिचा नवरा अंगणात चुन्याची पोती झटकत होता. मैदानावर रेषा मारायचं काम त्याचं. पहिल्या वर्षी गावचीही टीम उतरली होती, तिचा तो गोलकीपर होता आणि एका सामन्यात त्यानं सात गोल खाल्ले होते. त्यानंतर तो मैदानात उतरायचा तो चुना घेऊनच.

“हिरकाटोल्याची मॅच कोणासंग?” त्यानं विचारलं.

“गडचांदूर.”

देवाजीनं पोतं खाली ठेवलं. “त्या जगाच्या कपातबी एका लहान टीमले दहा पडले म्हणे. मास्तर, दुकानदार, असे लोकं होते त्याईच्यात.”

“तुमाले कोणी इचारलं?”

“नाई, मी आपलं सांगून राह्यलो.”

रंभानं कणगीतून मागच्या वर्षीचा तांदूळ काढला. पाहुण्यासाठी जुनाच तांदूळ, त्याचा भात मोकळा होतो. नवा चिकट येतो, तो घरच्या माणसांनी खायचा. तिनं दोन दिवस बसून तो निवडला. अंगण सारवलं. शेजारून ताटं आणली. जिंकणं-हरणं तिच्या हातात नव्हतं, ते ती जाणून होती. पण एक रात्र तरी ती माणसं आपल्या अंगणात निजावी, सकाळी विहिरीवर “आमच्या घरचे उठाचे हायेत अजून,” एवढं म्हणता यावं, इतकंच तिला हवं होतं.

टीम सकाळीच आली. तेरा जण, एका मालवाहू गाडीत उभे राहून. पुढं लच्छू नावाचा कॅप्टन, चाळिशीचा, कानशिलं पांढरी झालेला. “जोहार, बाई,” म्हणाला. त्याच्यामागून दोघांनी एक बोचकं उतरवलं, मग भात शिजवायचं एक काळं पडलेलं मोठं गंज, मग सरपणाची मोळी.

रंभा बोचक्याकडं पाहत राहिली. “हे काय जी?”

“राशन. तीन दिवसाचं.”

“आमच्या हातचं चालत नाई का तुमाले?”

लच्छू गोंधळला. त्यानं खिशातून मोबाइल काढला, बोटानं काच पुसली आणि तिच्यापुढं धरला. कपाच्या समितीचा मेसेज होता. नव्या आठ टीमांनी शिधा व भांडी सोबत आणावी. मुक्कामाची जागा देण्यात येईल.

रंभानं तो दोनदा वाचला. मग बोचक्याची गाठ सोडली. आत यंदाचाच तांदूळ होता, आखूड, लालसर, नव्या धानाचा वास असलेला. तिनं त्यातून चार मापं मोजून घेतली, घरात गेली, आपल्या निवडलेल्या तांदळातून चार घेतली आणि दोन्ही तांदूळ एकाच सुपात ओतले.

“काय करून राह्यली वं?” देवाजी दारातून म्हणाला. “नवा-जुना एका गंजात शिजत नाई.”

“शिजन,” रंभा म्हणाली.

दुपारी मैदानावर तेच झालं जे होणार होतं. गडचांदूरची पोरं उंच, बूट नवे, एकमेकांकडं न पाहता चेंडू देणारी. हिरकाटोल्यातले चौघे अनवाणी होते. दिनेश नावाचा त्यांचा गोलकीपर प्रत्येक गोलनंतर स्वतःच पळत जाऊन चेंडू आणायचा, जणू उशीर झाला तर कुणी रागावेल. नवव्या गोलला माणसं हसायचीसुद्धा थांबली. देवाजी रेषेवर उभा होता. शिट्टी झाल्यावर तो दिनेशजवळ गेला, काहीतरी बोलला आणि त्याच्या दंडावर चुन्याचा पांढरा हात उमटवून परत आला.

रंभा आधीच घरी आली होती. चुलीवर भात रटरटत होता. आता हे जेवतील आणि गाडीत चढतील. नीलाबाई म्हणाल्या तसं, दुपारीच मोकळी. तिनं वांग्याच्या भाजीत उगाच डाव फिरवला.

ते आले, हातपाय धुतले, रांगेनं बसले, जेवले. भात काही मऊ, काही फडफडीत झाला होता. तरी गंजात शीतही उरलं नाही. जेवण झाल्यावर लच्छूनं अंगणातल्या कडुनिंबाखाली चादर अंथरली.

“गाडी किती वाजता येते तुमची?” रंभानं विचारलं.

“परवा.”

“परवा?”

“फायनल झाल्यावर,” लच्छू म्हणाला. “आमी फायनल पाहाले आलो होतो, बाई. खेळणं तं मधात आलं.”

दिवस कलताना गुरुजी आले. हरलेल्या टीमनं थांबायची रीत नाही, हे त्यांनी जमेल तितक्या गोड शब्दांत सांगितलं. यजमान घरावर भार पडतो, म्हणून तो नियम.

लच्छू उठून उभा राहिला. पुन्हा मोबाइल निघाला, पुन्हा काच पुसली गेली. “गुरुजी, तुमचाच मेसेज हाय. शिधा आमचा, गंज आमचं. लाकडंबी आमची. भार कोणावर पडते?”

गुरुजींनी मेसेज वाचला. कान खाजवला. मग कडुनिंबाकडं पाहून, “झाड चांगलं झालं वं तुझं, रंभा,” असं म्हणून ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंभा विहिरीवर मुद्दाम उशिरा गेली. हरलेल्या आठांपैकी सात टीमा परतल्या होत्या. मानाच्या घरांपैकी तीन घरं रिकामी झाली होती, आणि त्या घरच्या बाया जरा जास्तच आवाज करत भांडी घासत होत्या.

“काय वं रंभा, इतका उशीर?”

“आमच्या घरचे आताच उठले,” रंभा म्हणाली आणि बादली विहिरीत सोडली.

दुपारी जेवायला हाक मारायला गेली तर टीम अंगणात नव्हती. मैदानापलीकडच्या बांधीत त्यांनी दोन विटा मांडल्या होत्या. विटांच्या मधे देवाजी उभा होता, अठ्ठावन्न वर्षांचा, धोतराचा काचा मारून. दिनेश बाजूला उभा राहून त्याचे पाय पाहत होता. लच्छूनं चेंडू मारला. देवाजी डावीकडं पडला, चेंडू छातीशी धरून, आणि तसाच काही वेळ पडून राहिला. रंभा दोन पावलं धावली. पण तो हसत होता. ती हाक न मारताच मागं फिरली. भात पुन्हा झाकून ठेवता येतो.

त्या संध्याकाळी सेमी फायनलमध्ये गडचांदूर पेनल्टीवर हरलं. ती टीम आपल्या जीपनं आली होती, तशीच बॅगा टाकून निघाली. चहासुद्धा थांबून घेतला नाही. दिवे लागायच्या वेळी गावात पाहुणे असलेली तीनच घरं उरली होती. फायनलला गेलेली सिंदेवाही आणि मूल यांची दोन, आणि खालच्या टोलीतलं एक.

अंगणात पंगत बसली होती तेव्हा फाटकाशी नीलाबाई दिसल्या. डोक्यावर मोठं पातेलं, वर फडकं बांधलेलं. या अंगणात त्या सव्वीस वर्षांत आल्या नव्हत्या.

“मटन हाय,” त्या फाटकातूनच म्हणाल्या. “पंधरा माणसांचं केलं होतं. आता घरी हे, मी अन् दिव्यानी. गुरुजीले दात नाई.”

रंभानं पातेलं उतरवून घेतलं. “बसा ना बाई.”

“नाई वं, जाते.”

पण गेल्या नाहीत. लच्छू थोडा सरकला, आणि पंगतीच्या शेवटाला जागा झाली. नीलाबाई बसल्या. भाताचा घास घेऊन थांबल्या. बोटांत शितं चोळून पाहिली.

“हा भात असा काऊन? काही शितं मोकळी, काही गिजगा.”

“दोन तांदूळ हायेत, बाई. जुना माझा, नवा त्याईचा.”

“एका गंजात कोणी शिजवते का?”

रंभा वाढत पुढं गेली. नीलाबाईंनी ताट पुसून खाल्लं. हात धुतला, पण पाणी झटकत तिथंच उभ्या राहिल्या. पंगतीकडं पाहत त्यांनी मनाशी माणसं मोजली.

“उद्या फायनल,” त्या म्हणाल्या. “फायनलच्या दिवशी पोळ्या लागतेत. तेरा माणसाईच्या पोळ्या तुले एकटीले होतीन का? येऊ का मी सकाळी?”

रंभा उष्टी ताटं गोळा करत होती. तिनं मान वर केली नाही.

“या ना,” ती म्हणाली. “येताना पोळपाट घेऊन या, बाई. माझ्याजवळ एकच हाय.”