गोरक्षची बोटं

मेंढवाड्याचं छप्पर नीट करताना पत्रा घसरला आणि गोरक्षचं उजवं मनगट खोल कापलं गेलं. मंचरला डॉक्टरांनी बोटांचा स्पर्श मेंदूला कळवणारी तुटलेली नस शिवली. जखम भरली, बोटं हलू लागली. पण अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं बधिरच राहिली. एकदा त्याने चुलीवरचं पातेलं सरळ हातानं उचललं. कातडं करपल्याचा वास आला, तेव्हा त्याची बायको प्रतिभा किंचाळली. त्याला मात्र काहीच कळलं नव्हतं.

व्यायाम शिकवणाऱ्या समृद्धी मॅडम म्हणाल्या, "नस हळूहळू वाढतेय, दादा. पण नव्या नसेचे निरोप मेंदूला आधी उलटसुलट लागतील. डोळे झाकून वस्तू ओळखायची, मग उघडून बघायची. मेंदू शिकतो."

प्रतिभाने ते मनावर घेतलं. जेवणं झाली की ती नवऱ्याच्या हातावर बाजरी, चिंचोका, लोकर, शर्टाचं बटण, काहीबाही ठेवायची. गोरक्ष चाचपडायचा, चुकायचा, मग चिडायचा.

"मी काय बालवाडीत हाय व्हय?"

"हाय तर! डोळं झाका."

कितीतरी दिवस असेच गेले. एका संध्याकाळी तिने त्याच्या मधल्या बोटावर चिंचोका टेकवला.

"अंगठ्याला कायतरी लागलं," तो म्हणाला.

"अंगठ्याला?"

"व्हय. गुळगुळीत हाय."

प्रतिभाला हसू आणि रडू एकदमच आलं. बोट चुकलं होतं, पण निरोप पोचला होता! एवढ्याशा धाग्यासारखी नस मनगटापासून वाट काढत बोटाच्या टोकाशी आली होती, आणि आत मेंदू तिच्या भाषेचा अर्थ नव्यानं लावत होता. तिने नवऱ्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि नुसती बघत राहिली. आजवर याच हातात तिने कितीदा चहाचा कप दिला होता. पण तो कप गरम आहे हे कळायला आत एवढं सगळं राबतं, हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

पुढे बोटांची अदलाबदल कमी झाली. चिंचोका आणि बटण वेगळं कळू लागलं.

मग एके सकाळी मेंढवाड्यातून गोरक्षची हाक आली. प्रतिभा धावतच गेली. तो एका मेंढीच्या मानेशी दाट लोकरीत उजव्या हाताची बोटं खुपसून बसला होता. डोळे गच्च मिटलेले.

"प्रतिभा, गोचीड!" तो आनंदानं ओरडला. "लई बारीक हाय, पर घावली!"